आधी माणूस, मग गाणं

मिलिंदराव गिटार मांडीवर घेत, पण तारेला बोट लावत नसत. "गाणं नंतर, मावशी. आधी माणूस." मग त्या स्पॅनिश गाण्याची चाल कुणी बांधली ते सांगत, आणि माझा गोंधळ सुरू होई.

सिंगापुरात सेंगकांगला आमच्या ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत ते रविवारी संध्याकाळी बसत. आडनाव सोनवणे, मूळचे औरंगाबादचे, नोकरी इथल्याच पाया लेबार भागातल्या एका ऑफिसात. ही गाणी त्यांनी मेक्सिकोच्या एका सहकाऱ्याकडून उचललेली. त्यातलं एक माझं लाडकं होतं. चाल अशी की वरातीत नाचावं, आणि शब्द म्हणे समुद्रात बुडालेल्या भावाचे. मी टाळ्या वाजवत डोळे पुसायची. नेमकं काय करावं, तेच कळायचं नाही.

पहिल्यांदा ते म्हणाले, हे क्यूबातल्या एका न्हाव्याने केलं. गिऱ्हाईक नसलं की तो कात्रीवर ताल धरायचा. पुढच्या खेपेला न्हाव्याचा पाववाला झाला. त्याच्या पुढच्या खेपेला शिंपीण.

"अहो, मागे न्हावी होता ना?"

"होता की. तोही भला माणूस होता."

त्या वेळची मी म्हणजे सिंगापुरात नवी आलेली सासूबाई आणि लगेच मराठी मंडळाची निवेदिका. कवी कोण, संगीतकार कोण, हे सांगितल्याशिवाय मी गाणाऱ्याला तोंड उघडू देत नसे. 'रसिकहो' म्हणताना मान किती वळवायची, याची आरशासमोर तालीम चाले. आज ती बाई समोरून आली तर मी लिफ्ट बदलेन.

त्यातच मिलिंदरावांची नोकरी गेली. नोकरीवरचा इथे राहायचा पास संपणार, म्हणजे परत जाणं आलं. मंडळाच्या कार्यक्रमात ते निरोपाचं म्हणून नेमकं तेच गाणं गाणार होते आणि निवेदन माझं. भरल्या सभागृहात भलतंच नाव सांगून त्यांच्या निरोपाचा विचका केला तर? मी नात रेवाला कामाला लावलं. तिने फोनला गाणं ऐकवलं. फोननेही वेगवेगळी नावं दिली आणि खाली प्रतिक्रियांमध्ये लोक त्यावरून भांडत होते.

"आजी, जस्ट पिक वन, लाह," रेवा इथल्या पोरांसारखं शेवटी 'लाह' लावत म्हणाली.

कार्यक्रमाच्या दिवशी पडद्यामागे मी त्यांना गाठलं. "आता खरं सांगा. न्हावी, पाववाला की शिंपीण?"

ते तारा जुळवत होते. मान वर न करता म्हणाले, "मावशी, माझे बाबा भीमगीतं बांधायचे. जयंतीला अख्खी वस्ती म्हणायची. कुणाचं गाणं म्हणून विचारलं, की लोक सांगायचे, आपलंच की. बाबा त्याच घोळक्यात टाळ्या वाजवत उभे. तेव्हापासून बिनमाणसाचं गाणं मला गाववत नाही. माणूस सापडला नाही, तर मी उभा करतो."

"बाबांचं नाव?"

"रखमाजी."

मी माईकसमोर गेले आणि आरशासमोरचं सगळं विसरले. मान वळवायचीही राहिली. म्हटलं, "गीत आणि संगीत, रखमाजी सोनवणे, औरंगाबाद."

टाळ्या पडल्या. गिटार मात्र गप्प. मागे वळून बघायचा धीर होईना. मग चाल सुरू झाली, आणि ती वरात त्या दिवशी फार सावकाश निघाली.

मी खाली उतरले तर मंडळाचे अध्यक्ष दारातच. "बाई, हे रखमाजी स्पॅनिश कुठे शिकले?"

"चौकशी चालू आहे," मी म्हटलं.

विमानतळावर आम्ही सगळे पोचवायला गेलो होतो. मिलिंदराव वाकून पाया पडले. "बाबांनी जन्मात कधी औरंगाबाद सोडलं नाही, मावशी. तुम्ही त्यांना पार इथवर आणलंत."

"इथवर, की क्यूबापर्यंत?"

त्यांनी गिटार खांद्याला लावली, चार पावलं गेले आणि परत वळले.

"आता माझाही गोंधळ झालाय," ते म्हणाले.