पेडलखालचा तुकडा

लोक त्यांना फोरमन म्हणत. फोरमन ते आयुष्यात कधी झाले नाहीत. पंपांच्या कारखान्यात लेथवर उभे राहूनच निवृत्त झाले. पण कुणाच्याही मशीनशेजारून जाताना "आवाज बरोबर येत नाहीये" असं म्हटल्याशिवाय या गृहस्थांना राहवत नसे, म्हणून पोरांनी चिडवायला ठेवलेलं नाव कायमचं चिकटलं.

घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांची दोन दारांची जुनी स्पोर्ट्स कार होती, भंगारातून उचललेली. बायको तिला सवत म्हणायची, आणि त्यात तिचं काही चुकत नव्हतं. सुट्टी आली की फोरमन इंजिन उघडून बसत. हेड घासून कंप्रेशन वाढवलं, हवा आत जायच्या वाटा बोटाला गुळगुळीत लागेपर्यंत पॉलिश केल्या, जोडीला दुसरा कार्बोरेटर चढवला. दर खेपेला गाडी आधीपेक्षा जोरात पळायची आणि फोरमन आठवडाभर शीळ घालत फिरायचे.

मुलगी त्याच शेडमध्ये लहानाची मोठी झाली. तिला एकच ध्यास होता. डोंगरावरच्या रस्त्यावर घड्याळ लावून चढाची शर्यत व्हायची, तिच्यात वेळ गाठायची आणि मोटार शर्यतींच्या संघात जागा मिळवायची. गाडी बापाची, चालवणार ती, हे घरात ठरूनच गेलं होतं.

पहिल्या शर्यतीआधी फोरमन एकटेच तो चढ चढून आले. सरळ पट्ट्यावर त्यांनी ॲक्सिलरेटरचं पेडल तळाला टेकवलं आणि पुढचं वळण जेमतेम निभावलं. आपण काय करून ठेवलंय ते त्यांना तेव्हा कळलं. घरी येऊन त्यांनी लोखंडाचा अंगठ्याएवढा तुकडा कापला आणि पेडलखाली, मॅटच्या आत पक्का बसवला. आता पेडल पूर्ण दबणार नव्हतं. मुलीच्या हातात ही गाडी त्यानंतरच आली, त्यामुळे पेडल एवढंच जातं असं ती धरून चालली. शिवाय इंजिन बाबांचं. तिथे शंका कोण घेणार?

ती हरली. अगदी थोडक्यात हरली. पुढच्या वर्षीही, आणि त्याच्या पुढच्याही. फोरमन दरवर्षी इंजिनातून आणखी थोडी ताकद काढत, तुकडा मात्र काढत नसत. एका हाताने द्यायचं आणि दुसऱ्याने धरून ठेवायचं, अशा माणसाला काय म्हणावं? 'अजून थोडा हात बसू दे पोरीचा,' अशी ते स्वतःची समजूत घालत.

शेवटी संघाची वयोमर्यादा उलटली. मुलीने एका वाहतूक कंपनीत टेबलावरची नोकरी धरली. "माझ्यात ते नव्हतंच," एवढंच ती आईला म्हणाली. घरात बोलणं-चालणं नेहमीसारखं होतं, पण शेडकडे ती फिरकेना. पोर आतून विझली होती, आणि ते बघून फोरमनना घास गिळवेना.

एका रविवारी चहा पिताना त्यांनी तिला सगळं सांगून टाकलं.

ती आरडाओरडा करेल असं त्यांना वाटलं होतं. तिने कप खाली ठेवला.

"अजून आहे तो तिथे?"

"आज सकाळीच काढला. तू एकदा चालवून तर बघ."

"आता काय बघू?"

"घाबरलो होतो गं. तुला काही झालं असतं तर?"

"मग तसं सांगायचं. मी भांडले असते तुमच्याशी. हरले त्याचं काही नाही हो, बाबा. दर वेळी घरी येऊन मी तुम्हालाच विचारायचे, माझं काय चुकलं म्हणून. आणि तुम्ही कागद-पेन्सिल घेऊन मला वळणं समजावत बसायचात."

फोरमनची मान खाली गेली. तुझं काहीच चुकलं नाही, एवढंच सांगायचं होतं. त्यांनी ते म्हणायला तोंड उघडलं, तोवर ती चपला घालून बाहेर पडली होती.