पोर्टलवरची पोरं

मास्तरकीत दुसरं काही साचो न साचो, किस्से मात्र साचतात. त्यातून पोर्टलवर ‘भविष्यातील कौशल्ये’ नावाचा कोर्स तुमच्या गळ्यात पडला असेल, तर मग बघायलाच नको! आष्ट्याच्या आमच्या कॉलेजात तो माझ्या गळ्यात पडला.

पहिला धडा चर्चेचा. मी प्रश्न टाकायचा, मुलांनी मतं मांडून वाद घालायचा. मी विचारलं, यंत्रांमुळे नोकऱ्या जातील का? सकाळी बघतो तर झाडून सगळ्यांनी हात जोडल्याचं चिन्ह टाकलेलं. एकाने तर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहिलं होतं. नोकऱ्यांना असावी, असं मी धरून चाललो.

मग एआयचा धडा. निबंधाचा विषय दिला, ‘माझ्या गावची शेती’. आमचा सुशांत वडूजकडचा, तिकडे ज्वारीसुद्धा आभाळाकडे बघत उगवते. त्याच्या निबंधात भाताची खाचरं आणि नारळाच्या बागा! मी बोलावून घेतलं, तर मान खाली घालून म्हणाला, “सर, हाय तसं लिवलं तर पानभर व्हत न्हाई.”

व्हिडिओ लेक्चरची तऱ्हा वेगळीच. मुलं मला दुप्पट वेगाने ऐकायची. पुढे प्रत्यक्ष वर्गावर गेलो, तर दहाच मिनिटांत याच सुशांतने काळजीने विचारलं, सरांची तब्येत बरी आहे ना.

रोहिणीचा जीव मात्र या कोर्समध्ये खरोखर अडकला होता. त्याच्या शेवटी पुण्याच्या एका कंपनीची ऑनलाइन मुलाखत होती आणि तिला ती नोकरी मनापासून हवी होती. तिचे वडील आप्पा, आष्ट्यातले धान्याचे व्यापारी. शिक हवं तेवढं, पण गाव सोडायचं नाही, हे त्यांचं म्हणणं. घरात रेंज नाही म्हणून ती दुकानात, त्यांच्या गादीशेजारी बसून वर्ग करायची. हजेरीला तिचं नाव घेतलं की आप्पाच “हाय” म्हणायचे, कारण ती गिऱ्हाइकाला ज्वारी मोजून देत असायची.

मुलाखतही तिने दुकानातूनच दिली, कॉलेजतर्फे मीही जोडलेला होतो. सगळं बरं चाललं होतं. शेवटी कंपनीच्या बाई म्हणाल्या, ग्राहक अडून बसलाय, काही केल्या ऐकत नाही, त्याला पटवून दाखवा.

रोहिणीने लॅपटॉप उचलून सरळ आप्पांकडे फिरवला. “आप्पा, मला पुण्याला जाऊ द्या. हे काम मला लय आवडतं. न्हाई जमलं तर मीच म्हागारी येईन.”

आप्पांनी मुठीतली ज्वारी पोत्यात सोडली, टोपी सारखी केली आणि पडद्यावरच्या बाईंना म्हणाले, “पोरगी ऱ्हाणार कुटं, ते सांगा आदी.”