रूबेनची टोपली परत टेबलावर आली नाही

आमच्या मुलुंडच्या चर्चच्या मंडळीत कापणीच्या सणाला लिलाव मी पुकारतो. घसा मोठा म्हणून हे काम माझ्याकडे आलं, गुण बघून नाही. रीत अशी की ज्याने त्याने आपल्या कष्टाचं काहीतरी वेदीपुढे आणायचं, उपासनेनंतर त्याचा लिलाव करायचा आणि घेणाऱ्याने पैसे देऊन वस्तू परत टेबलावर ठेवायची. मग तिची पुन्हा बोली. एकच नारळ दुपारपर्यंत इतक्या वेळा विकला जातो की त्या बिचाऱ्याची दया येते.

रूबेन साळवे दरवर्षी स्वतः लेथवर घडवलेलं पितळी काहीतरी आणायचा. गेल्या वर्षी भांडुपचा त्याचा कारखाना बंद पडला. पन्नाशीच्या माणसाला कोण कामावर ठेवतो? बायको प्रेमा इस्पितळात आया. तिच्या एकटीच्या पगारात घरभाडं आणि दोन मुलींची कॉलेजं भागेनात. रूबेन श्रीरामपूरकडचा, भाकरी आईकडून शिकलेला. तो घरी ज्वारीच्या भाकऱ्या थापून विकू लागला. पण प्रेमाच्या नावावर. लेथवरचा माणूस पीठ मळतो हे बाहेर सांगायचं नाही, अशी घरात सक्त ताकीद. शेजारची चार घरं घ्यायची, तेवढंच. आता दुकान लपवलं तर गिऱ्हाईक येणार कुठून? मी त्याला चांगला झापला असता, पण मलाही पत्ता नव्हता.

यंदा टेबलावर एक टोपली आली. मी फडकं उचललं आणि असा वास सुटला की पाळकसाहेबसुद्धा वळून बघायला लागले.

"कुणाच्या हातच्या ह्या भाकऱ्या?" मी माईकवर विचारलं.

प्रेमा उठली. मागे दाराशी, चपलांजवळ उभा राहून रूबेन मानेने नको नको करत होता. तिने ते पाहिलं आणि तरी बोलली.

"ह्यांच्या. रोज पहाटे हेच थापतात. मुलींच्या फीला ह्याचाच हातभार लागला."

रूबेनने मान खाली घातली. आणि मग बोली जी सुटली, काय सांगू! पुढून हात, मागून हात, बायकांकडून हात, मला पाणी प्यायची सवड नाही. टोपली अखेर चंद्रप्रकाशकाकांना गेली. या माणसाने आजवर नारळावरही बोली लावली नव्हती.

सवयीने मी ओरडलो, "काका, टोपली परत टेबलावर."

काका ऐकतील तर शपथ. त्यांनी भाकरी मोडली, अर्धी शेजाऱ्याला दिली, टोपली मागे सरकवली. बाकामागून बाक हात पुढे आले. बघता बघता टोपली रिकामी.

"अहो काका, रीत मोडली ना."

"मोडू दे रे. भाकरी काय बघायला केलीय?" काकांचं तोंड भरलेलं. "ए रूबेन, आत ये. उद्यापासून आमच्याकडे रोज दे."

खानावळ चालवणारी नीलम तर थेट दाराशी पोचली. "मला रोज ढीगभर लागतात. जमेल ना तुला?"

रूबेनने मान डोलावली आणि तो आत आला. माझेही डोळे भरले, त्यात लपवायचं काय? लेकरांच्या ताटासाठी केलेलं काम देवापुढे ठेवायला लाजू नये, हे पाळकसाहेब वर्षानुवर्षं सांगत आलेत. आम्हाला ते रिकाम्या टोपलीने शिकवलं.

शेवटी प्रभूची प्रार्थना झाली. 'आमची रोजची भाकर आज आम्हांस दे' ही ओळ आली तेव्हा रूबेनचा आवाज माझ्याहून मोठा होता, आणि लिलाव पुकारणारा मी आहे.