लाल झेंड्याचं कारण

नवऱ्याने रेसिंग सोडून ट्रॅकवर नोकरी धरली त्या दिवशी मी नेरूळच्या आमच्या सोसायटीत सगळ्या मजल्यांवर पेढे वाटले. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, चॅम्पियन माणूस आता खुर्चीत बसणार. त्यात एवढं खूश होण्यासारखं काय?"

त्यांना काय सांगणार? लग्नानंतर कितीतरी वर्षं रविवारी फोन वाजला की मी आधी गॅस बंद करायचे आणि मग फोन उचलायचे. तो दक्षिणेत कुठेतरी गाडी पळवत असायचा. पलीकडून कोण काय सांगेल याचा भरवसा नसायचा.

ज्या रेसने त्याला देशाचा किताब मिळाला ती मी पाहिलेली नाही, पण आलेल्या पाहुण्यांपुढे त्याच्या तोंडून इतक्या वेळा ऐकली की आता मी पाहिली असंच वाटतं. शेवटच्या फेरीत पुढची एक गाडी ट्रॅक सोडून मातीत गेली आणि सगळं वळण धुरळ्याने भरून गेलं. समोर काही म्हणजे काही दिसेना. "सगळ्यांनी ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला," तो सांगायचा, "मी नाही उचलला." मग तो हसायचा, पाहुणे टाळ्या वाजवायचे आणि मी चहा टाकायला आत जायचे.

ट्रॅकची सगळी जबाबदारी अंगावर आल्यावर ही गोष्ट त्याने सांगायची सोडली. एकदा माझ्या भावाने आग्रह केला तेव्हा त्याने हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाला, "त्या धुरळ्यात कोणी उभं असतं तर?"

"पण नव्हतं ना," भाऊ म्हणाला.

"नव्हतं. पण ते मला कुठे ठाऊक होतं?"

ट्रॅक उलव्याच्या पुढे, जुन्या मिठागरांवर भराव टाकून केलेला. वरून विमानं जायची. खाडीच्या अंगाला तिवरांचं, म्हणजे खारफुटीचं, रान होतं आणि चौथं वळण अगदी त्याला खेटून. तिथे संध्याकाळी कोल्हे ओरडायचे. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा दचकून नवऱ्याचा हात धरला. जवळच्या गावातला वॉचमन हसून म्हणाला, "बाई, कोल्हा हाय. तिवरांत ऱ्हातंय, कोनाला काय करत नाय."

कोल्ह्यांचं नवऱ्याला काही वाटत नव्हतं. त्याला भीती होती ती धुराची. खाडीकाठी कोण कुठे कचरा पेटवायचं, कोण सुकलं गवत जाळायचं. वारा फिरला की तो धूर जमिनीलगत सरकत यायचा आणि चौथ्या वळणावर बसायचा. थंडीत तर धुकं आणि धूर वेगळे ओळखूच यायचे नाहीत.

एका संध्याकाळी ट्रॅक बंद झाल्यावर त्याने मला मनोऱ्यावर उभं केलं. रेस चालू असताना सगळ्या ट्रॅकवर नजर ठेवायची ती जागा. तो स्वतः पिवळा झेंडा घेऊन चौथ्या वळणावर गेला. प्रत्येक वळणावर झेंडे घेऊन एक मार्शल उभा असतो, पुढे धोका असेल तर त्याने चालकांना आणि मनोऱ्याला इशारा करायचा. नवरा त्या मार्शलच्या जागी उभा राहून झेंडा हलवत होता. तेवढ्यात तिवरांतून पांढुरकं काहीतरी निघालं आणि त्याच्या अंगावरून पुढे गेलं. आधी त्याचे पाय गेले, मग छाती, मग झेंडाही. मी हाका मारल्या. इतक्या लांबून त्या ऐकू जाणं शक्यच नव्हतं. धूर विरला तेव्हा तो तिथेच उभा होता आणि झेंडा हलवत होता.

परत आल्यावर त्याने विचारलं, "दिसत होतो का?"

"मध्ये नव्हतास दिसत."

"मी झेंडा हलवायचं एकदाही थांबवलं नव्हतं," तो म्हणाला.

त्याने ट्रॅकच्या मालकांकडे मागणी केली. चौथ्या वळणावर कॅमेरे हवेत, दिवे हवेत, मार्शलसाठी उंच चौथरा हवा. मालक त्याला मानायचे, ट्रॅकची निम्मी ओळख त्याच्या नावावर होती. "सर, टेन्शन नका घेऊ. हा सीझन होऊ दे, सगळं करू," ते म्हणाले.

त्याला टेन्शन घ्यायला आणखी एक कारण होतं. आमची मुलगी रेस करत होती. कॉलेजात असल्यापासून ती मागे लागली होती. तो नाही म्हणत राहिला आणि एके दिवशी स्वतःच तिला गाडीत बसवून शिकवायला लागला. "नाही तरी करणारच आहे," तो मला म्हणाला, "मग माझ्याकडून शिकू दे." मी त्याच्याशी आठवडाभर धड बोलले नाही. पण मुलगी चांगली होती. तिची गाडी वळणातून निघायची तेव्हा मला न कळणाऱ्या कसल्याशा गोष्टीने त्याचा चेहरा उजळायचा.

त्या सीझनच्या शेवटच्या रेसला मी मनोऱ्यावर त्याच्या शेजारी बसले होते. उन्हं उतरत होती. आमची मुलगी दुसऱ्या नंबरवर होती आणि मग एका वळणात तिने पुढच्या गाडीला मागे टाकलं. खाली लोक ओरडायला लागले. थोड्याच फेऱ्या उरल्या होत्या. ती जिंकली असती तर वर्षाचा किताब तिचा होता. मी टाळ्या वाजवत नवऱ्याकडे वळले. तो गाड्यांकडे बघतच नव्हता. तो चौथ्या वळणाकडे बघत होता.

तिथे पांढरं झालं होतं.

त्याने वॉकीटॉकीवर विचारलं, "चार नंबर, बोला." नुसती खरखर आली. पुन्हा विचारलं. पुन्हा खरखर. मग तो म्हणाला, "लाल झेंडा. सगळीकडे. रेस थांबवा."

गाड्या हळू झाल्या, एकामागे एक येऊन उभ्या राहिल्या. ॲम्ब्युलन्स चौथ्या वळणाकडे धावली. तिथला मार्शल जागेवरच उभा होता. त्याच्या वॉकीटॉकीची बॅटरी गेली होती, एवढंच. "काय झालं सर?" त्यानेच ॲम्ब्युलन्सवाल्यांना विचारलं.

रेस पुन्हा सुरू करण्याएवढा उजेड राहिला नाही. नियमाप्रमाणे थांबवण्याच्या आधीच्या फेरीवर निकाल लागला आणि त्या फेरीत आमची मुलगी दुसरी होती. ती हेल्मेट काढून जिना चढून वर आली.

"का थांबवलीस, बाबा?"

"दिसत नव्हतं."

"मला दिसत होतं!"

"तुला दिसत असेल. मला दिसत नव्हतं."

तिने हातमोजे जमिनीवर टाकले आणि ती निघून गेली. पुढे बरेच महिने ती आमच्याशी बोलली नाही. उलव्याला मैत्रिणीच्या फ्लॅटवर राहायला गेली.

मालकांच्या मीटिंगमधून तो आला तेव्हाचं मला आठवतं. बूट न काढताच सोफ्यावर बसला. रेसला पैसे देणाऱ्या कंपन्या चिडल्या होत्या. त्याला वाचवायचं म्हणून मालकांनीच वाट सुचवली होती. "सर, ट्रॅकवर कोल्हा आला होता म्हणा, विषय संपला."

"मग?" मी विचारलं.

"कोल्हा नव्हता आला."

"अरे, म्हणायचं ना एवढं! काय बिघडलं असतं?"

"मग पुढच्या वेळी नुसतं दिसत नसेल तर थांबवायचं नाही, असं झालं असतं."

त्याने राजीनामा दिला. दिवसभर बाल्कनीत बसून राहायचा. मी त्याच्या जागी आलेल्या नव्या साहेबांबद्दल वाईट बोलले की मला थांबवायचा. तो माणूस चांगला आहे, त्याला काम येतं, असं म्हणायचा. पण वारा खाडीकडून यायला लागला की उठून उभा राहायचा. नेरूळच्या बाल्कनीतून ट्रॅक दिसत नाही, तरी उभा राहायचा.

पुढच्या सीझनमध्ये आम्ही मुलीची रेस फोनवर पाहत होतो. मध्यावरच लांबच्या कॅमेऱ्यातून दिसणारं चौथ्या वळणाचं चित्र फिकट झालं. मला वाटलं नेटवर्क गेलं. तो म्हणाला, "थांबवा." फोनला म्हणाला. मग मोठ्याने, "अरे, थांबवा!" गाड्या पांढऱ्यात शिरत होत्या आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडत होत्या. एक शिरली ती बाहेर आली नाही. तिच्यामागे आणखी एक शिरली. आणि प्रक्षेपण बंद पडलं.

मी फोन लावत राहिले, तो लागत नव्हता. नवरा भिंतीला टेकून खाली बसला होता. शेवटी मुलीचाच फोन आला. "आई, मी ठीक आहे," एवढंच बोलून तिने ठेवला.

एक गाडी धुरात गरगरून आडवी झाली होती. मागची तिच्यावर आदळली. मागच्या गाडीतला चालक हॉस्पिटलला नेताना गेला. त्याची लहान मुलगी त्या दिवशी ट्रॅकवरच होती.

संध्याकाळी आमची मुलगी रेसच्या कपड्यांतच घरी आली. धुराचा आणि पेट्रोलचा वास येत होता. ती बापासमोर जमिनीवर बसली.

"तू असतास तर थांबवली असतीस ना?"

मला वाटलं, तो हो म्हणेल. त्याला तसा हक्क होता.

"माहीत नाही," तो म्हणाला. "तू त्या धुरात किती वेगाने शिरलीस?"

तिने मान खाली घातली. "पूर्ण," ती म्हणाली आणि रडायला लागली. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

महिन्याभराने मालक घरी आले. परत या म्हणाले. कॅमेरे, दिवे, चौथरा, सगळं कबूल केलं. त्याने ते शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच अट घातली. लाल झेंडा कोणीही दाखवो, साहेब किंवा वळणावरचा मार्शल, त्याला कारण विचारायचं नाही. रेसच्या आधी नाही, नंतर नाही, मीटिंगमध्येही नाही.

तो ट्रॅकवर परतला आणि हार्ट अटॅकने गेला तोवर तिथेच राहिला. त्या काळात काही रेस उगाच थांबल्या. लोकांनी शिव्या दिल्या, पण कारण कोणी विचारलं नाही. आता खुर्चीत दुसरा माणूस आहे आणि नियम तोच आहे. किताब जिंकणारे पुष्कळ होतील. नवऱ्यामागे काय उरलं म्हणून कोणी विचारलं तर मी हा नियम सांगते.

मुलगी अजून रेस करते. मी तिला नको म्हणाले नाही, कारण तिने ऐकलं नसतं. मनोऱ्यावर मला बसू देतात. गेल्या सीझनला चौथ्या वळणावर पुन्हा धूर आला आणि लाल झेंडे निघाले. खालून आरडाओरडा झाला. गाड्या धुराच्या पलीकडे उभ्या होत्या, वरून एकही दिसत नव्हती. मनोऱ्यावर कोणी कारण विचारलं नाही. मग वारा जरा हलला आणि एकेक गाडी दिसायला लागली. मुलीची शेवटून दुसरी दिसली.