करवंदीच्या जाळीतला नर

करवंदीच्या पानावर पांढरी नागमोडी रेघ दिसली की मी ते पान तोडून आणते, कारण त्या रेघेच्या टोकाला, पानाच्या आत, पतंगाची अळी जगत असते. भुकूम गावातल्या माझ्या भाड्याच्या खोलीत खिडकीत अशा पानांची डबी होती. एका सकाळी तिच्यात तांदळाच्या कणीहून लहान, तांब्यासारखा चमकणारा पतंग बसलेला दिसला.

नुसत्या पंखांवरून यांची जात ठरत नाही. पोट कॉस्टिकच्या पाण्यात उकळून जननेंद्रियं सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागतात. पाहिली, तर ती आधी नोंदलेल्या कुठल्याच जातीशी जुळेनात. पीएचडीच्या सरांना फोन लावला.

"सर, नवी जात आहे."

"नर की मादी?"

"मादी."

"जवळच्या सगळ्या जातींचं वर्णन नरावरून झालंय. जुळणार कशाशी? नर आण."

घरमालकीण मावशी अंगणातच होत्या. त्यांना म्हटलं, घरामागच्या करवंदीच्या जाळीतली अजून पानं हवीत.

"मग आत्ताच न्या. तो प्लॉट इकलाय, दुपारी जेसीबी येतुया."

घरातल्या होत्या तेवढ्या पिशव्या उचलून मी पळत सुटले. मागून मावशी ओरडल्या, "एकेक पान काय तोडताय? थांबा, कोयता आणती, फांद्याच घिऊ."