साडूभाऊंची तक्रारवही

अख्ख्या नाशकात ज्याच्याशी कुणालाही भांडण पुरं करता आलं नाही असा एकच माणूस होऊन गेला, आणि तो माझ्या नशिबी साडू म्हणून आला. भांडण सुरू पुष्कळांनी केलं. बाह्या सरसावून, छत्र्या उगारून, पार सात पिढ्यांचा उद्धार करत माणसं आमच्या दुकानाच्या पायऱ्या चढली. पण अर्ध्या तासाने उतरताना त्यांच्या काखेत नवं पातेलं असायचं आणि चेहऱ्यावर आपण नक्की कशासाठी आलो होतो असा भाव. मी स्वतः भांडण सुरू करण्यात आणि तडीस नेण्यात, दोन्हींत पटाईत. त्यामुळे हा माणूस दुकानात होता म्हणून दुकान चाललं, असं आमची ही आजही चारचौघांत सांगते, आणि मला गप्प बसावं लागतं. कारण अशा माणसाला मी एकदा माझ्या जिभेने दुकानातून घालवलं होतं. तो कायमचा गेला असता तर तोंड दाखवायला जागा उरली नसती. तेच सांगायचं आहे, पण आधी माणूस कसा होता ते सांगतो.

जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची, हलकी भांडी नुकती बाजारात शिरू लागली होती त्या सुमाराची, तीस-पस्तीस सालची गोष्ट. भांडी बाजारात आमचं तांब्या-पितळेचं दुकान. साडूभाऊ म्हणजे हिच्या थोरल्या बहिणीचे यजमान. ते सिन्नरकडे एका कचेरीत नकला करायला होते. लोकांच्या जबान्या जशाच्या तशा उतरवून घ्यायच्या, त्यात काना-मात्रेचा फरक करायचा नाही, एवढंच काम त्यांनी वीस वर्षं केलं. पुढे ती जागाच मोडली आणि हे घरी बसले. अक्षर मात्र असं, की बघत राहावं. आमच्याकडे लग्नाच्या आहेराच्या भांड्यांवर नावं घालायला माणूस हवाच होता. हातात टाक होता तिथे छिन्नी आणि हातोडी आली, आणि साडूभाऊ पंचवटीत खोली घेऊन राहिले. रोज सकाळी पूल ओलांडून दुकानात यायचे. मला ते 'साडूभाऊ' म्हणायचे, मी त्यांना 'साडूभाऊ' म्हणायचो. नव्या गिऱ्हाइकाला वाटायचं की दोघांचं आडनावच ते आहे.

त्यांच्या तऱ्हा किती सांगाव्यात! चष्मा होता, पण तो ऐकण्यासाठी. नाव कोरायला बसले की चष्मा काढून ठेवायचे, आणि कुणी बोलायला लागलं की घाईघाईने लावायचे. चष्म्याशिवाय नीट ऐकू येत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. कुठलंही नाव कोरण्याआधी ते तीनदा मोठ्याने म्हणून बघायचे, ज्याचं नाव तो समोर असला तर त्याच्या तोंडाकडे बघत. एकदा एका नवरदेवाचं नाव असं तीनदा म्हटल्यावर तो बिचारा तीनदा 'ओ' देऊन मोकळा झाला. रागावलेल्या गिऱ्हाइकासाठी त्यांनी एक पाट वेगळा ठेवला होता. साध्या गिऱ्हाइकाला सतरंजी, रागावलेल्याला पाट आणि वाळ्याचं पाणी. मी म्हणायचो, अहो, असं केलंत तर उद्या सगळेच रागावून येतील. त्यावर म्हणायचे, येऊ देत, वाळा स्वस्त आहे.

पण खरी चीज म्हणजे त्यांची वही. लांबोडकी, लाल बांधणीची, माझ्या गादीच्या कडेखाली ठेवलेली. कुणी ओरडत आला की साडूभाऊ त्याला पाटावर बसवायचे, चष्मा लावायचे, वही काढायचे, दौतीत टाक बुडवायचे आणि म्हणायचे, "हं. सावकाश सांगा, शब्द सुटायला नको." मग तो जे जे बोलेल ते सगळं, शिव्यांसकट, त्या मोत्यासारख्या अक्षरात लिहून घ्यायचे. मध्ये समजूत नाही, सफाई नाही, की 'असं कसं होईल' नाही. लिहून झालं की टीपकागद दाबायचा आणि कचेरीतल्या त्या सपाट आवाजात, ना चढ ना उतार, सगळं परत वाचून दाखवायचे. नको वाटेल अशा प्रत्येक वाक्यापाशी थांबून विचारायचे, "हे ठेवायचं का?"

तुम्हाला सांगतो, आपलाच राग असा दुसऱ्याच्या तोंडून, पंचांग वाचल्यासारखा ऐकणं भल्याभल्यांना झेपत नाही. लासलगावचा एक कांद्याचा व्यापारी गळका हंडा घेऊन आला होता, बुधवारच्या बाजाराच्या ऐन गर्दीत. साडूभाऊंनी वाचलं, "हंडा लय वाईट हाय. दुकानदार चोर हाय. ह्याच्या दुकानावर गाढवाचा नांगर फिरो. हे ठेवायचं का?" व्यापारी इकडेतिकडे बघून म्हणाला, नांगराचं तेवढं काढा. त्यावर एक रेघ. चोर? तेही काढा. दुसरी रेघ. शेवटी कागदावर उरलं एवढंच, की हंडा गळतो. "हे मात्र ठेवू या," साडूभाऊ म्हणाले, "हे खरं आहे." आणि दुसरा हंडा त्याच्या समोर पाण्याने भरून ठेवला, तो गळत नाही हे त्याने स्वतः बघेपर्यंत त्याला हलू दिलं नाही. पंचवटीतल्या एक म्हाताऱ्या सोवळ्या बाई तर घागर बद्द वाजते म्हणून महिन्यातून दोनदा यायच्या. त्यांनी एकदा माझ्याविषयी जे सांगितलं ते वाचून झाल्यावर 'हे ठेवायचं का' म्हणताच त्या म्हणाल्या, ठेवा, ते खरंच आहे. साडूभाऊंनी ते ठेवलं. अजून आहे वहीत. काय ते मी सांगणार नाही.

आता मुद्द्यावर येतो. दिंडोरीकडचे एक पेन्शनीत निघालेले शिरस्तेदार होते. एकुलत्या एका मुलीचं लग्न. रुखवतासाठी एकतीस भांडी, सगळ्यांवर मुलीचं नाव घालायचं. सासरचं नाव मुलाकडच्यांनी अजून ठरवलं नव्हतं. ते आधी ठरतं आणि लग्नात ताटातल्या तांदळांत लिहितात, हे आपल्याला ठाऊकच आहे. तेव्हा शिरस्तेदार म्हणाले, नाव कळलं की कार्ड टाकतो, त्याबरहुकूम घाला. नाहीच कळलं तर माहेरचंच घाला. आम्ही वाट बघितली. कार्ड आलं नाही. साडूभाऊंनी एकतीस भांड्यांवर 'गोदावरी' हे नाव असं कोरलं, की हात फिरवावासा वाटे.

लग्न तीन दिवसांवर आलं तेव्हा शिरस्तेदार टांगा करून भांडी न्यायला आले. पहिल्या तांब्यावरचं नाव वाचलं आणि त्यांनी जो आवाज लावला तो सराफ बाजारापर्यंत गेला असेल. कार्ड टाकून पंधरा दिवस झाले होते म्हणे. मुलाकडच्यांनी नाव कळवलं होतं 'सुशीला'. हे रुखवत मांडवात मांडलं, की व्याही म्हणणार, आमचं नाव पसंत नाही वाटतं तुम्हाला? आणि पोरीला जन्मभर टोमणे. बाहेर बघ्यांची गर्दी जमली. मी म्हणालो, कार्ड आमच्याकडे आलंच नाही. ते म्हणाले, टाकलं म्हणजे टाकलं. तेव्हा मी काय करावं? सरळ साडूभाऊंकडे बोट दाखवलं. म्हटलं, टपाल हेच घेतात, ह्यांनीच कुठेतरी घातलं असणार.

साडूभाऊंनी चष्मा लावला. गादीच्या कडेखालून वही काढायला त्या दिवशी त्यांना जरा जास्त वेळ लागला, एवढं मला आठवतं. शिरस्तेदारांना पाटावर बसवून सगळं लिहिलं, सगळं वाचलं. चार रेघा मारल्यावर कागदावर उरलं, की पोरीला टोमणे बसतील. साडूभाऊ म्हणाले, "चूक दुकानाची आहे. लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी एकतीसच्या एकतीस भांड्यांवर सासरचं नाव घालून मिळेल."

इथे माझं डोकं फिरलं. दुकानाची चूक? चारचौघांत? माझ्या वडिलांनी घातलेलं दुकान! मी उठून उभा राहिलो आणि भरल्या बाजारात ओरडलो, की दुकानाची चूक नाही, तुमची आहे. घरी बसला होता म्हणून दया येऊन जागा दिली, आणि माझ्याच दुकानाचं नाव घालवता. एवढं काम झालं की पुन्हा ही पायरी चढू नका. साडूभाऊंनी टाक दौतीत बुडवला आणि सवयीने लिहून घेतलं. टीपकागद दाबला. त्याच सपाट आवाजात वाचलं, "घरी बसला होता म्हणून दया येऊन जागा दिली. पुन्हा ही पायरी चढू नका." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "हे ठेवायचं का?"

आता इतकी वर्षं दुकानावर बसून मला एवढं तरी कळायला हवं होतं. पण माझी जीभ! मी म्हणालो, "ठेवा."

दोन दिवस साडूभाऊ मान वर न करता बसले. एकेका भांड्यावरचं नाव कानशीने घासून काढायचं, वाळूने आणि चिंचेने उजळायचं, मग नवं नाव कोरायचं. आम्ही एकमेकांशी अक्षर बोललो नाही. ठरल्या सकाळी शिरस्तेदार आले, भांडी बघितली आणि त्यांच्या जिवात जीव आला. तीसच भांड्यांवर नवं नाव होतं. एका लहानशा फुलपात्रावरचं 'गोदावरी' साडूभाऊंनी तसंच ठेवलं होतं. ते हळूच शिरस्तेदारांच्या हातात देत म्हणाले, हे मांडवात मांडू नका, पोरीच्या पेटीत टाका. रुखवतासाठी एक कोरं फुलपात्र घेऊन त्यावर नवं नाव घालून ठेवलंय. शिरस्तेदारांनी ते फुलपात्र सदऱ्याच्या खिशात घातलं आणि बराच वेळ खिशावरचा हात काढला नाही. टांगा गेला. साडूभाऊंनी छिन्नी, हातोडी आणि वही पिशवीत घातली, मला नमस्कार केला आणि पायरी उतरले.

पुढचे आठ दिवस दुकानात तीन भांडणं झाली आणि तिन्ही मी पुरी केली. घरी हिने बोलणं टाकलं. जेवायला वाढायची, पण ताट असं ठेवायची की डाळ उसळायची. नवव्या दिवशी पोस्टमन टपाल घेऊन आला, तेव्हा मी त्याच्यावर घसरलो, की दिंडोरीची कार्डं तुम्ही नदीत सोडता की काय. तो शांतपणे म्हणाला, "मालक, ते कार्ड मी तुमच्याच हातात दिलं होतं. साडूभाऊ तेव्हा जेवायला गेले होते. लय उकडतंय म्हणून तुम्ही त्या कार्डानंच वारा घेत बसला होता." तो हे बोलला आणि ती दुपार मला लख्ख आठवली. वारा घेता घेता ते मी गादीखाली सारलं होतं. गादी उचलून बघितली. कार्ड नव्हतं.

दुकान तसंच उघडं टाकून पूल ओलांडला. काय बोलायचं ते वाटेत दहा वेळा जुळवलं आणि खोलीच्या दारात पोचल्यावर सगळं विसरलो. साडूभाऊ ओसरीवर कुणाच्या तरी तांब्यावर नाव घालत होते. मला बघून त्यांनी चष्मा लावला. आत जाऊन पाट आणला, मांडला, वाळ्याचं पाणी ठेवलं आणि वही उघडली. माझं पान लगेच निघालं, कारण त्या पानात खूण म्हणून एक पोस्टकार्ड घातलेलं होतं. दिंडोरीचं. 'सुशीला' हे नाव दुरूनही वाचता येत होतं.

मी म्हणालो, "म्हणजे त्या दिवशीच सापडलं होतं तुम्हाला? मग तिथेच का नाही दाखवलंत?"

"गिऱ्हाइकासमोर?" ते म्हणाले. खरंच आश्चर्य वाटलं होतं त्यांना. "मालकाला गिऱ्हाइकासमोर खाली बघायला लावायचं नसतं, साडूभाऊ."

मग त्यांनी टाक हातात घेतला आणि माझं वाक्य मला वाचून दाखवलं. दया येऊन जागा दिली. पायरी चढू नका. ना चढ, ना उतार. ते ऐकताना मला जे झालं ते सांगायला मला लाज वाटत नाही, मी रडलो. त्यांनी मला रडू दिलं, पाण्याचा तांब्या जरा पुढे सरकवला, आणि थोड्या वेळाने विचारलं, "हे ठेवायचं का?"

"खोडा," मी म्हणालो.

"पायरीचं तेवढं, की दयेचंही?"

"दोन्ही खोडा."

त्यांनी दोन रेघा मारल्या, टीपकागद दाबला आणि म्हणाले, चला, दुकान उघडं टाकून आला असाल.

साडूभाऊ त्यानंतर बारा वर्षं त्या पायऱ्या चढले आणि गेले तेही असेच, कुणाला ओझं न होता. वही हिच्या बहिणीने, अक्कांनी, मला आणून दिली. गिऱ्हाईक ओरडत आलं की मी पाट मांडतो, वही काढतो, लिहूनही घेतो. पण वाचायला लागलो की माझा आवाज चढतो आणि सगळा बेत फसतो. साडूभाऊ रेघ नेहमी एकच मारायचे, खालचं अक्षर वाचता येईल अशी. त्यामुळे माझं वाक्य अजून वाचता येतं, आणि मी ते अधूनमधून वाचतो. ते कार्डही त्याच पानात आहे. दुकानात कितीही उकडलं तरी त्याने मी वारा घेत नाही.