संघपालच्या पांढऱ्या पेशी

बापाला अर्धांगवायूचा झटका आला आणि मुंबईच्या प्रयोगशाळेतलं काम अर्ध्यावर टाकून जीवराम तायडे गावी परतला. ते साल शहाऐंशी. अमळनेरच्या कॉलेजात त्याला रसायनशास्त्र शिकवायची नोकरी लागली. घरादाराला आनंद झाला. त्याचं मात्र त्या प्रयोगशाळेचं नाव निघालं की तोंड कडू व्हायचं.

तिथे तो रक्तातल्या पांढऱ्या पेशींवर काम करायचा. जंतू भिडला की पेशीच्या पातळ पडद्यातून चरबीचा एक इवलासा रेणू सुटतो. डायॲसिलग्लिसरॉल त्याचं नाव. आत निपचित पडलेल्या काइनेज सी नावाच्या एन्झाइमला तो पडद्याशी ओढतो आणि जागं करतो. ते दुसऱ्या एका एन्झाइमला कामाला लावतं आणि हे दुसरं जंतूंचा नाश करणारा जहाल ऑक्सिजन तयार करतं. प्रयोगात त्या रेणूची जागा जमालगोट्याच्या तेलातून काढलेलं एक द्रव्य घ्यायचं. गावाकडे कोठा साफ करायला देतात तो जमालगोटा पेशींना असा चेतवतो, याचं जीवरामला फार अप्रूप होतं.

त्याची थोरली बहीण द्रौपदाबाई पिंपळनेरला दिलेली. तिचा धाकटा मुलगा संघपाल सदा आजारी. एक गळू बरं होईतो दुसरं उठायचं. मानेला गाठी, अंगात ताप. धुळ्याच्या एका डॉक्टरांनी क्षयाच्या गाठी समजून औषध सुरू केलं होतं, पण उतार नव्हता.

चौदा एप्रिलच्या जयंतीला माहेरी आली तेव्हा द्रौपदाबाई भावाला म्हणाली, "भाऊ, तू रगतनं बठ्ठं शिकेल शे. मना पोऱ्याना रगतमा काय शे, एक डाव देख ना."

"अक्का, मी डॉक्टर नाही," जीवराम म्हणाला. "ते सगळं पुस्तकातलं. डॉक्टर देतात ते औषध चालू ठेव."

तिनं पुन्हा विषय काढला नाही.

दोनेक वर्षांनी जीवराम वर्गात एन्झाइमं शिकवत होता. ओघात पांढऱ्या पेशींचं उदाहरण निघालं. कुंदा नावाच्या मुलीनं विचारलं, "सर, ते शेवटचं एन्झाइम जन्मापासून नसेलच तर?"

"तर अशा मुलाला सारखी गळवं होतील, गाठी येतील..." आणि त्यानं खडू खाली ठेवला. तास अर्धवट सोडून तो थेट एसटी स्टँडवर गेला.

त्याच आठवड्यात तो संघपालला घेऊन मुंबईला गेला. जुन्या सोबत्यानं काचपट्टीवर रक्त घेतलं, जहाल ऑक्सिजन लागला की निळा पडणारा पिवळा रंग घातला, जमालगोट्याच्या द्रव्याचा थेंब सोडला. शेजारच्या पट्टीवर जीवरामचं स्वतःचं रक्त होतं. त्याच्या पेशी बघता बघता निळ्याकाळ्या झाल्या. संघपालच्या एकाही पेशीनं रंग बदलला नाही.

"रोजची एक साधी गोळी असते," तिथले डॉक्टर म्हणाले. "जंतूंना आधीच रोखून धरते. लहानपणीच सुरू झाली असती तर बरं झालं असतं. आता छातीत फार पसरलंय."

गोळी सुरू झाली. मधे काही महिने पोरगं शाळेतही गेलं, गोट्या खेळलं. पुढच्या थंडीत न्यूमोनियानं ते गेलं.

सांत्वनाची माणसं पांगल्यावर द्रौपदाबाईनं विचारलं, "भाऊ, त्यान्या पेशी जाग्याच का नई व्हयन्यात?"

"जाग्या व्हयन्यात, अक्का. निरोपबी पोचना. पन लढाले हत्यारच नव्हतं त्यासनाजोडे."



"मंग ते खानापिनानं नव्हतं," ती म्हणाली. "मी त्याले मारं, भाऊ. खात नई म्हनीसन अशक्त शे, आसं वाटे माले. त्यानी काहीच चूक नव्हती." आणि ती पहिल्यांदा मोकळेपणी रडली.

जीवरामला तिला थांबवून सांगायचं होतं की मारणारी तू एकटी नाहीस, तू रक्त बघ म्हणालीस तेव्हा मी टाळलं. त्यानं तोंड उघडलंही. पण तिनं डोळे पुसले, चूल पेटवली आणि भावापुढे ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी ठेवली. तो मान खाली घालून जेवला.

त्यानंतरही तो दरवर्षी पिंपळनेरला जात राहिला. सांगायचं मात्र दरवेळी राहून गेलं.